चार खोल्या, एक बंब

मुलांनो, नाताळची सुट्टी जवळ आली की तुमच्यापैकी पुष्कळजणांच्या घरी सहलीचे बेत सुरू होतात. कुणी समुद्रावर जातं, कुणी गडावर, तर कुणी थंड हवेच्या ठिकाणी. तिथे एखाद्या खोलीत तुम्ही दोन दिवस राहता. पलंगावर स्वच्छ चादर असते, न्हाणीघरात कढत पाणी असतं, सकाळी वाफाळते पोहे पुढ्यात येतात. हे सगळं कोण करतं आणि कधी करतं, असा प्रश्न कधी पडलाय तुम्हांला? आज मी तुम्हांला अशाच एका घराच्या मागच्या दारानं आत नेणार आहे.

हे घर म्हणजे माझं माहेर. ते आहे महाबळेश्वरात. मी याच तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गातली मुलं मला ‘बाई’ म्हणतात. पण शनिवारी दुपारी माहेरी गेले की मी बाई राहत नाही. आई हातात उशांचे अभ्रे देते आणि म्हणते, ‘‘चल गं, चढव पटापटा.’’

२००२ साली, मी आठवीत असताना, बाबांनी घराच्या एका अंगाला असलेल्या चार खोल्या पाहुण्यांसाठी मोकळ्या केल्या. महाराष्ट्राच्या पर्यटन विभागाची ‘निवास व न्याहारी’ अशी एक योजना आहे. नावातच सगळं आलं. पाहुण्यांनी रात्री राहायचं आणि सकाळी न्याहारी करायची. घरमालकही त्याच घरात राहतो. इथे ना लिफ्ट, ना गणवेशातले वेटर. स्वयंपाकीण आई, माळी बाबा, नळ दुरुस्त करणारा दादा, आणि हिशेबाची वही वहिनीकडे. लहानशी कामं चौथीतल्या माझ्या भाच्याकडे. त्याचं मुख्य काम म्हणजे माकडांना हुसकावणं. न्याहारीच्या वेळी ती अगदी घड्याळ लावल्यासारखी येतात!

तुम्हांला वाटेल, थंडीतलं काम थंडीत सुरू होत असेल. तसं नाही. ते पाऊस संपता संपताच सुरू होतं. महाबळेश्वरात वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पुण्यात पडतो सात-साडेसातशे. म्हणजे पुणेकरांचा सात वर्षांचा पाऊस आमच्याकडे एका पावसाळ्यात! पूर्वी इथली घरं पावसाळ्याआधी गवताच्या झड्यांनी झाकून घेत. आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचा कागद लावतात. चार महिने घर जणू रेनकोट घालून बसलेलं असतं. दसरा आला की हा रेनकोट उतरवायचा. मग पायऱ्यांवरचं शेवाळ खराट्यानं घासायचं, पन्हळीत अडकलेला पाचोळा काढायचा, भिंतींवरची बुरशी खरवडून पुन्हा चुना द्यायचा. गाद्या, उशा, रजया सगळं अंगणात उन्हात घालायचं. गाद्यांना कुबट वास असेल तर एक ऊन पुरत नाही, तीन-चार उन्हं द्यावी लागतात.

दारं-खिडक्यांची गंमत तर ऐका. पावसाळ्यात लाकूड हवेतला ओलावा शोषून फुगतं. दार लागता लागत नाही, खांद्यानं ढकलावं लागतं. मग एखादा उत्साही माणूस रंधा घेऊन दार तासतो. दार छान लागायला लागतं. पण थंडी आली, हवा कोरडी झाली, की तेच लाकूड आकसतं आणि तासलेल्या बाजूनं बोटभर फट पडते. रात्रभर त्या फटीतून वारा शिट्ट्या मारतो. म्हणून बाबा पावसाळ्यात रंध्याला हात लावू देत नाहीत. ‘‘थांब जरा, दार आपलं आपण बारीक होतंय,’’ असं ते म्हणतात. दाराखालच्या फटीसाठी आईनं जुन्या चादरींचे लांबट लोड शिवलेत. भाचा त्यांना ‘अजगर’ म्हणतो. प्रत्येक खोलीत एक अजगर.

आता थंडीतली पहाट. पाच वाजता आई उठते. पहिलं काम बंब पेटवायचं. तांब्याचा मोठा बंब तुमच्यातल्या कितीजणांनी पाहिलाय? मधोमध जळणाची नळी, तिच्याभोवती पाणी, खाली राख पडायला जाळी. आमचा बंब मागच्या अंगणात उघड्यावर असतो. जळण म्हणजे वाळलेल्या काटक्या आणि सुताराकडचे वाया गेलेले तुकडे. झाड तोडून जळण करायचं नाही, हा घरचा नियम आहे आणि कायद्याचाही धाक आहे. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील म्हणून जाहीर झाला. इथे मनाला येईल तशी कुऱ्हाड चालवता येत नाही.

एका बादलीला किती ऊर्जा लागते, सांगू? बादलीत वीस लिटर पाणी आहे. ते १० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायचंय. म्हणजे ३५ अंश वाढवायचे. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. वीस गुणिले पस्तीस, झाल्या सातशे किलोकॅलरी. विजेच्या भाषेत हे पाऊण युनिटाहून थोडं जास्त. घरात दहा पाहुणे असतील, तर नुसत्या आंघोळीसाठी रोज आठ युनिटं! २०१५ साली दादानं छपरावर सौर बंब बसवला, त्यामागे हाच हिशेब होता. दिवसा तापलेलं पाणी टाकीत रात्रभर गरम राहतं. पण टाकीपासून नळापर्यंतच्या नळीतलं पाणी मात्र गार होऊन जातं. सकाळी तोटी सोडली की पहिली अर्धी बादली बर्फासारखी. पाहुणे ते पाणी सोडून देतात. म्हणून आम्ही प्रत्येक न्हाणीघरात एक जादा बादली ठेवतो. गार पाणी तिच्यात धरायचं. नंतर ते स्ट्रॉबेरीच्या वाफ्याला जातं. ढगाळ दिवस आला की सौर बंब रुसतो. तेव्हा आमचा तांब्याचा म्हातारा पुन्हा धावून येतो.

थंडीत स्वयंपाकघरातही वेगळे नियम लागू होतात. इडलीचं पीठ फुगत नाही, दही लागत नाही. कारण पीठ आंबवणारे आणि दूध विरजणारे जे सूक्ष्मजीव असतात, ते गारठ्यात सुस्तावतात. आई दह्याचं भांडं जुन्या शालीत गुंडाळून चुलीजवळ ठेवते. इडली मात्र थंडीत आमच्याकडे बंद. तिच्याऐवजी थालीपीठ, पोहे, गरम भाकरी आणि घरचा स्ट्रॉबेरी जॅम. हो, भाकरीबरोबर जॅम! एकदा खाऊन तर पाहा. खोबरेल तेल तर बाटलीत दगड होऊन बसतं. साधारण २४ अंशांखाली ते गोठतं. रोज एखादी ताई हातात बाटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी असतेच.

पहाटेच गडबड उडते ती हिमकणांची. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या रात्री फार गारठा पडला, की वेण्णा तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या परिसरात पानांवरचं दव गोठतं. गवतावर, गाड्यांच्या टपांवर पांढरी खडीसाखर पसरल्यासारखी दिसते. पाहुणे कानटोपी घालून तिकडे पळतात. एकदा भाच्यानं विचारलं, ‘‘आत्या, आपल्या अंगणात थर्मामीटर आठ अंश दाखवतंय. पाणी तर शून्याला गोठतं. मग तिथे बर्फ कसा?’’

प्रश्न चांगला होता. उत्तर असं : रात्री आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर जमीन आणि पानं आपली उष्णता भराभर आकाशाकडे सोडतात. त्यामुळे पान हे भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. शिवाय गार हवा जड असते. ती उतारावरून खाली सरकते आणि तळ्याकाठच्या खोलगट भागात साचून राहते. आमचं घर उंचावर आहे, म्हणून आमच्या अंगणात आठ अंश असतात, तेव्हा तिथल्या गवताच्या पात्यावर शून्य अंश असू शकतो. पाहुण्यांना याची मौज वाटते. पण शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. स्ट्रॉबेरीच्या फुलावर बर्फ बसला की ते फूल काळं पडतं. मग तिथे फळ कुठून येणार? इथल्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, देशभर नाव झालं. पण त्या नावामागे अशा धास्तीच्या कितीतरी रात्री असतात.

आता मी तुम्हांला एक प्रसंग सांगते. तो नीट वाचा आणि आई-बाबांनाही वाचायला द्या.

जानेवारी २०१२. मी डी. एड. करून नुकतीच शाळेत लागले होते. खोल्यांना जोडून न्हाणीघरं बांधण्यासाठी बाबांनी बँकेचं कर्ज घेतलं होतं. हप्ता दर महिन्याला भरायचा आणि जानेवारीत आठवड्याच्या मधल्या दिवसांत खोल्या रिकाम्या. अशा वेळी एक कुटुंब आलं. आई, वडील, दोन मुलं आणि एक आजी. तीन रात्रींसाठी दोन खोल्या घेतल्या त्यांनी. बाबांचा चेहरा उजळला.

संध्याकाळी वारा सुटला आणि गारठा वाढला. आजींचे हात थरथरत होते. रात्री नऊच्या सुमारास ते गृहस्थ स्वयंपाकघराच्या दारात आले. म्हणाले, ‘‘काकू, कोळशाची शेगडी पेटवून आमच्या खोलीत ठेवा. दारं-खिडक्या गच्च लावून घेतो, म्हणजे रात्रभर ऊब राहील.’’

आई म्हणाली, ‘‘दादा, शेगडी पडवीत पेटवते. सगळे या शेकायला. पण खोलीत नाही ठेवायची.’’

त्यांना ते पटेना. ‘‘धूर नाही होत हो. कोळसे चांगले लाल झाले की मग आणा. हवं तर वेगळे पैसे घ्या.’’

‘‘पैशाचा प्रश्न नाही दादा.’’

‘‘मग कशाचा आहे? म्हातारं माणूस कुडकुडतंय, दिसत नाही का तुम्हांला? मागं एका ठिकाणी राहिलो होतो, तिथे मागितल्याबरोबर दिली होती!’’

आवाज चढला. बाबा मधे पडले. त्यांनी आईकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मला हप्त्याची तारीख दिसत होती. आई चुलीपासून उठली, पदराला हात पुसले आणि शांतपणे म्हणाली, ‘‘रागावू नका. तुम्हांला दुसरीकडे जायचं असेल, तर सगळे पैसे आत्ता परत देते. पण निखारा बंद खोलीत न्यायचा न्हाई म्हणजे न्हाई.’’

एरवी पाहुण्यांपुढे आई नीट शाळेतल्यासारखं बोलते. तिचं ‘न्हाई’ निघालं, की आता विषय संपला, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक!

तिच्या या हट्टामागे एक कारण होतं. तिच्या लहानपणी तिच्या गावातले दोन सख्खे भाऊ थंडीच्या रात्री खोलीत शेगडी घेऊन, दार लावून झोपले. सकाळी दार तोडावं लागलं. घर जळलं नव्हतं, काही पेटलं नव्हतं. दोघं झोपेत होते तसेच गेले होते. आईला तेव्हा विज्ञान माहीत नव्हतं. पण ते दार मात्र तिच्या डोळ्यांसमोरून कधी गेलं नाही.

विज्ञान मी सांगते. कोळसा धुमसत असतो, तेव्हा त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू बाहेर पडतो. खोली बंद असेल, हवा अपुरी असेल, तर तो आणखी वाढतो आणि साचत जातो. या वायूला रंग नाही, वास नाही. डोळे चुरचुरत नाहीत की खोकला येत नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन शरीरभर प्राणवायू पोचवतं. हा वायू त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटून बसतो. मग प्राणवायूला जागाच उरत नाही. जागा असलेल्या माणसाचं डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, पाय लटपटतात. झोपलेल्याला तेवढंही कळत नाही. म्हणून ‘धूर नाही, म्हणजे धोका नाही’ ही समजूत साफ चुकीची. लाल निखाऱ्याला धूर नसतो, पण विषारी वायू असतोच.

त्या रात्री मग काय झालं? आईनं पडवीत शेगडी पेटवली. आजींना खुर्ची दिली, पायांवर वाकळ टाकली, हातात सुंठीचा चहा दिला. मी रबरी पिशव्यांमध्ये गरम पाणी भरून पांघरुणांत ठेवलं. दाराखाली अजगर सरकवले. दोन पातळ पांघरुणं एकावर एक घातली की मधे हवेचा थर अडकतो आणि तोच ऊब धरतो, हे मी त्या मुलांना दाखवलं. आजींची झोपायची सोय आईनं स्वतःच्या खोलीत केली. दोघी बराच वेळ गप्पा मारत होत्या.

गृहस्थांचा राग मात्र गेला नाही. दुसऱ्या दिवशी न्याहारी करून ते निघाले. उरलेल्या दोन रात्रींचे पैसे मागितले. बाबांनी मोजून दिले. पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची एक वही आमच्याकडे असते. तिच्यात त्यांनी लिहिलं, ‘खोलीत फार थंडी. शेगडी मागूनही दिली नाही.’

मला वाईट वाटलं. पुढचे पाहुणे ही वही चाळतात. ते पान काढून टाकावं, असं मी सुचवलं. आई म्हणाली, ‘‘का काढायचं? खरंच लिहिलंय की त्यांनी. मागितली होती, दिली नाही.’’

ते पान आजही वहीत आहे. त्या महिन्याचा हप्ता भरायला बाबांना उसने पैसे घ्यावे लागले. आईला कुणी शाबासकी दिली नाही, कुणी बक्षीस दिलं नाही. सकाळी पाच माणसं चालत गाडीत बसली, एवढंच. पण मला वाटतं, कित्येक चांगल्या कामांचं असंच असतं. ती नीट झाली, की काहीच घडत नाही. नीट बांधलेला कठडा, वेळेवर घासलेलं शेवाळ, बंद खोलीत न गेलेली शेगडी, यांची बातमी कधी होत नाही. पाहुणे सुखरूप घरी पोचतात आणि चार दिवसांत आमचं नावही विसरतात. विसरू देत. खोली झाडून आम्ही पुढच्यांची वाट बघतो.

आता तुम्हांला दोन कामं देते. गृहपाठ म्हणा हवं तर!

पहिलं काम घरातलं. तुमच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे का? असेल तर हवा खेळती आहे ना, खिडकी किंवा झरोका बुजवलेला नाही ना, हे आई-बाबांबरोबर बघा. गॅस जळतानाही हवा अपुरी पडली तर तोच वायू तयार होतो. घरात आजी-आजोबा शेगडी घेऊन शेकत असतील, तर ती अंगणात किंवा उघड्या पडवीत ठेवायची, झोपताना खोलीत न्यायची नाही. गाडीचं इंजिनही बंद जागेत चालू ठेवायचं नाही. बंद खोलीत शेगडी असताना कुणाला गरगरू लागलं, तर आधी दारं-खिडक्या उघडा, त्यांना मोकळ्या हवेत आणा, मोठ्यांना हाका मारा आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

दुसरं काम सहलीतलं. जिथे उतराल, तिथल्या काकूंना किंवा काकांना ‘हे पाणी कसं तापवता?’ असं एकदा विचारा. गार पाणी बादलीत धरा. निघताना पांघरुणाची घडी घालून ठेवा. आणि एखादी गोष्ट त्यांनी ‘नाही’ म्हटली, तर रागवायच्या आधी ‘का?’ असं विचारून बघा. त्या ‘नाही’मागे कदाचित तुमचीच काळजी असेल.

आमच्याकडे आलात, तर भाकरी आणि जॅम नक्की मिळेल. शेगडीजवळही जागा मिळेल. पण पडवीत हं!